माडाची लागवड, भाग चौदावा

दाखल-नोंदवहीचं पहिलं पान वाळवीनं खाल्लंय,
त्यामुळे डिचोलीचं वाचनालय सुरू झालं ते साल
अर्धंच उरलंय: एकोणीसशे, आणि पुढे भोक.
शतकमहोत्सव आम्ही अंदाजानं केला.

दुसऱ्या पानापासून अक्षर वामन सर्वणकरांचं.
दिवसा ते नोतारीच्या कचेरीत
लोकांच्या जमिनी पोर्तुगीजमध्ये उतरवायचे,
संध्याकाळी मिठाच्या वखारीवरच्या खोलीत
कंदिलाची काच पुसून
एकशे बारा पुस्तकं मांडायचे,
आठ वाजता परत मोजायचे.
पावसाळ्यात पानं ओलावायची.
बोट जिभेला लावून उलटली, तर खारट.

तिसरं कपाट अंबूबाईंनी दिलं, फणसाच्या लाकडाचं,
देवळातल्या गाण्याच्या बिदागीतून.
देणगीदारांच्या फळ्यावर तिथं लिहिलंय: एक हितचिंतक.
त्या कधी जिना चढल्या नाहीत.
पुस्तकं त्यांचा भाचा न्यायचा,
आणि परत येताना आत, खूण म्हणून,
सुपारीचं पातळ कातरण.
अजून सापडतं.

मग वरून हुकूम आला: सगळ्या पुस्तकांची यादी,
पोर्तुगीजमध्ये, दोन प्रतींत.
ज्या पुस्तकांत राज्याबद्दल, तुरुंगाबद्दल,
समुद्रावरचं मीठ उचलण्याबद्दल काही होतं,
अशा चौदांपुढे वामनरावांनी एकच नाव लिहिलं:
माडाची लागवड, भाग एक ते चौदा.
अदमिनिस्त्रादोर खूश.
म्हणाला, या गावाला शेतीची बरीच गोडी दिसते.
शिक्का मारून गेला.

अडचण पुढे झाली.
लाटंबार्सेहून एक भाटकार आला,
त्याचे माड भोंग्यानं पोखरलेले,
त्याला भाग सहावा हवा.
बाहेर गेलाय, वामनराव म्हणाले.
तो दर मंगळवारी येत राहिला.
शेवटी दिला.
महिन्यानं परत करताना तो एवढंच म्हणाला:
कीड कुठली, ती कळली.

शेहेचाळीसच्या पावसात झडती आली.
आदल्या रात्री तेरा भाग
कायतान पोदेराच्या भट्टीवरच्या माळ्यावर गेले,
पिठाच्या पोत्यांमागे.
कायतानला मराठी वाचता येत नव्हतं.
पंधरा वर्षं रोज पहाटे त्यानं ती
पावांबरोबर शेकली.
गोवा सुटला त्या डिसेंबरात टोपलीतून घेऊन आला,
वर पावांचंच फडकं.
पानं बिस्किटासारखी मोडतात. वास भाजक्या पिठाचा.
चौदावा तेव्हा बाहेर होता.
सभासद क्रमांक एकतीस. पुढचं नाव
वामनरावांनी इतक्या जोरानं खोडलंय
की खालच्या तीन पानांवर वळ उठलेत.

नंतरचं सगळं माझ्या डोळ्यांसमोरचं.
खाणीचे ट्रक आले, कपाटांच्या काचा लाल झाल्या,
फडकं पिळलं की बादलीत गेरू.
शहाऐंशी साली, भाषेच्या भांडणात,
बोर्डाला कुणीतरी डांबर फासलं.
कुणी, ते मला माहीत आहे.
तो रोज सकाळी पेपर वाचायला येतो,
आणि घडी नीट घालून ठेवणारा तो एकटाच.

यंदा ऑडिटर म्हणाला,
तो एक ग्रंथ आता निर्लेखित करा.
मी त्याला दंड काढून दाखवला:
पहिली तेरा वर्षं तांगांत,
पुढची तीन इश्कुदांत,
मग आपल्या रुपयांत.
बेरीज त्याला पटली नाही. खरं तर मलाही नाही.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: वाचन चालू.

मग पंखे बंद केले,
तलाठ्याच्या परीक्षेला बसलेल्या दोघांना म्हटलं,
साडेसात झाले, उठा आता.
एकानं मान वर न करता पान उलटलं.
मी एक पंखा परत लावला.